भिजत घातलेले साचे

मामा,

साचे मी वाळवले. उन्हात नाही, सावलीत. न्हाणीमागच्या भिंतीला टेकवून, एकेक वेगळा, मध्ये हात जाईल एवढी जागा सोडून. तू ठेवायचास तसेच. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण बाकीचं सांगायला मला वेळ लागणार आहे, आणि तुझा जीव साच्यांतच अडकला असेल असं उगीच वाटत राहतं.

तू गेलास त्या सकाळी साचे टाक्यात भिजत होते. होळीला चौदा दिवस होते आणि दुसऱ्या दिवसापासून तू साखरेच्या गाठ्यांची भट्टी लावणार होतास. सागवानी साचा रात्रभर पाण्यात राहिला नाही तर साखर लाकडाला धरते, हे आपल्या घरात लहान पोरालाही माहीत असतं. तू आदल्या संध्याकाळी साचे पाण्यात सोडलेस, वर दगड ठेवलास, सकाळी ओट्यावर चहा मागितलास, आणि मामी चहा घेऊन बाहेर येईपर्यंत तू भिंतीला टेकून बसल्या बसल्या कलंडला होतास. दवाखान्यात नेलं, पण ते नेणंच होतं.

मी वर्ध्याहून आलो तेव्हा माझ्या बॅगेत पांढऱ्या दोऱ्याची दोन रिळं होती. तीन दिवसांपूर्वी तू फोनवर सांगितलं होतंस, "येताना दोरा आणजो. दोन रिळं आणजो." मी विचारलं, "दोन कायले? एक पुरते ना." तू म्हणालास, "आण तं." मग तू पेपरची तारीख विचारलीस, मी सांगितली, आणि फोन ठेवला. आपलं शेवटचं बोलणं एवढंच. मी खूपदा आठवून पाहिलं, त्यात आणखी काही नव्हतं.

मी थकलोय मामा. रडून नाही, रडलो फार कमी. माणसांना पाणी देऊन, सतरंज्या घालून आणि उचलून, "काय झालं होतं?" या प्रश्नाचं तेच उत्तर देऊन थकलोय. मध्ये दोन दिवस कॉलेजात जाऊन आलो, तर पहिल्याच तासाला बाकावर डोकं ठेवून झोपलो. सरांनी उठवलं नाही. त्यांना कोणीतरी सांगितलं असावं. मला उठवलं असतं तर बरं वाटलं असतं. घरातलं माणूस गेलं की आपण काही दिवस सगळ्यांना वेगळे दिसतो, आणि त्या वेगळेपणानेच जास्त दमायला होतं.

मी पाचवीत होतो तेव्हा तुझ्याकडे आलो. आई-बाबा जाम गावच्या चौरस्त्यावर चहाचा ठेला चालवत होते, दिवसभर ट्रकांचा धूर. तू आलास आणि आईला म्हणालास, "याले मी नेतो. इथं राहून हा ड्रायव्हरायच्या शिव्याच शिकन." आईने माझे दोन शर्ट पिशवीत घातले. तुला आणि मामीला मूल नव्हतं, पण त्याबद्दल तुझ्या तोंडून मी कधी एक शब्द ऐकला नाही. तू मला मुलासारखं वागवलंस असं लोक म्हणतात. ते खरं नाही. तू मला भाच्यासारखं वागवलंस. आपल्याकडे या दोन्हींत फरक आहे, आणि तुझं माझं सगळं भांडण त्याच फरकाचं होतं.

आपल्या इकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. पुण्याकडची मुलं हॉस्टेलवर हे ऐकून हसतात, त्यांना वाटतं मी उलटं सांगतोय. पण तू सणासुदीला, माझ्या निकालाच्या दिवशी, मी वर्ध्याला निघालो त्या दिवशी, वाकलास. पन्नाशी ओलांडलेला माणूस, गुडघे दुखणारा, बारा वर्षांच्या पोराच्या मळक्या पायांवर हात ठेवून तेच हात कपाळाला लावायचा. मला लाज वाटायची. सुखदेवकाका शेजारच्या ओट्यावरून ओरडायचे, "मारोत्या, पाय धुवून घे आधी त्याचे! शाळेतून गोटे तुडवत आला तो." तू म्हणायचास, "तुले काय समजते रे भाच्याचं."

"मले काय समजाचं? माह्या भाचा तं मलेच म्हणते, मामा, पाय दाब!"

आणि ज्याच्या पाया पडायचं त्याच्याकडून काम करून घ्यायचं नाही. भाच्याने उचललेल्या घागरीचं पाणीसुद्धा मामाला जड जातं, असं तू म्हणायचास. घरचं दुसरं सगळं मी करायचो, मामीच्या हाताखाली, तू बघत नसताना. पण भट्टी तुझी होती. तिथे मला बसायला पाट होता, खायला तुटलेल्या गाठ्यांचे तुकडे होते, पण हाताला काम नव्हतं.

फागुन लागायच्या आधीच आपलं घर बदलायचं. गावात होळीचा दांडा रोवला गेला की मामी शेणाच्या चाकोल्या थापायला बसायची. चंद्र, सूर्य, फणी, पोळपाट, प्रत्येकाला मधोमध भोक. त्या वाळल्या की सुतळीत ओवून माळ करायची आणि ती होळीत टाकायची. एकीकडे अंगणात शेणाच्या माळा वाळताहेत आणि दुसरीकडे मागच्या पडवीत तू साखरेच्या माळा करतोयस. लहान असताना मी एकदा विचारलं होतं की शेणाची जळते मग साखरेची का नाही जाळत. तू म्हणाला होतास, "साखरेची माणसायसाठी हाये. होळीले काय चव समजते?"

तुझं काम मला अजून डोळे मिटून दिसतं. कढईत साखर विरघळली की तू दूध सोडायचास, मळ वर यायचा, तो झाऱ्याने काढायचास. मग पाक वाट बघायला लावायचा. सुखदेवकाका भट्टीपाशी उकिडवे बसून लाकडं आत-बाहेर करायचे, कारण आच कमी-जास्त करणं तुझ्या मते फक्त त्यांना जमायचं. ते बौद्ध, होळी करत नाहीत, गुढी उभारत नाहीत, गाठी घालत नाहीत. पण तुझ्या भट्टीसमोर तीस वर्षं तेच. "सण तुमचा, धूर माह्या डोळ्यात," असं म्हणायचे. आणि एप्रिलच्या जयंतीला हीच कढई त्यांच्या पंचशील झेंड्याखाली चढायची, बुंदीसाठी. तिथे तू लाकडं सारायला बसायचास आणि काका झारा धरायचे. बुंदी कधी गोल पडायची नाही. "सण माह्या, अन् शेव पाडून राह्यला का बुंदी?" असं तूच मग ओरडायचास, सण कोणाचा याचं भान सोडून.

पाक झाला की तू पळीभर कढईच्या काठाला घोटायचास, तो दुधासारखा पांढरा झाला की सगळ्यात मिसळायचास आणि मग तुला बोलायला फुरसत नसायची. साच्यात दोरा घातलेला असायचा, कोरलेल्या पदकांच्या मधून. तू ओतत जायचास. पुढचा ओतेपर्यंत मागचा घट्ट झालेला असायचा. उलटा धरून एक टिचकी, की अख्खी माळ फळीवर. मला त्या टिचकीचा हेवा वाटायचा. खरंच सांगतो, बारावीत चांगले गुण पडले तेव्हाही तेवढं दुसरं काही जमावंसं मला वाटलं नाही.

आणि धुळवडीच्या आदल्या दिवशी आपण मोपेडवर हिंगणीच्या रस्त्याला जायचो. जंगल सुरू होतं तिथे पळस असा काही पेटलेला असायचा की तू गाडी हळू करायचास. फुलं पोत्यात भरायची, घरी घंगाळात भिजवायची. दुसऱ्या दिवशी सगळ्या आळीला तोच रंग. परतीच्या वाटेवर पोतं माझ्या मांडीवर आणि तू वारा कापत मोठ्याने विचारणार, "कॉलेज म्हंजे काय काय शिकवतेत रे?" मी सांगायचो. तू म्हणायचास, "हाव?" इतक्या कौतुकाने "हाव?" मला नंतर कोणी म्हटलेलं नाही.

म्हणूनच मला समजायचं नाही. तुला माझ्या शिकण्याचं एवढं कौतुक, मग तुझं शिकवताना हात आखडता का? मी तुला अकरावीपासून विचारत होतो. "मामा, घोटून पाहू दे." तू म्हणायचास, "भाच्याकडून काम घ्यायचं नसते." मी म्हणायचो, काम नाही, शिकवणं समज. तू म्हणायचास, "ते एकच." मला वाटायला लागलं की रीत हे निमित्त आहे, आणि खरं म्हणजे तुला माझ्या हातावर भरवसा नाही. घरात कॉलेजला जाणारा मी पहिला. ज्याच्या हातात पुस्तक आलं त्याच्या हातून पाक गेला, असं तू धरून चाललायस असं मला वाटायचं.

मागच्या होळीच्या दोन दिवस आधी तू तयार माल घेऊन सेलूच्या बाजारात गेलास. मामी दळणाला. कढईत तळाला साखर होती आणि माझ्या डोक्यात तू नव्हतास, फक्त ती टिचकी होती. भट्टी मी पेटवली. पाकही ठीकच झाला असावा, कारण घोटल्यावर पांढरा झाला. टाक्यातले सहाही साचे तुझ्या सकाळच्या कामात अडकलेले, धुवायचे पडलेले. मी माळ्यावरून मोठा साचा काढला. आजोबांचा. गुढीसाठीच्या मोठ्या गाठीचा, जो तू शेवटी एकदाच वापरायचास. दोरा घातला, नीट ताणून. पाक ओतला. आणि मग मला आठवलं की तो कोरडा आहे.

हे आठवण्याचा तो क्षण मी विसरू शकत नाही. विज्ञानाचा विद्यार्थी मी. लाकूड पाणी शोषतं, मग साखर शोषत नाही, हे मी तुला वर्गातल्यासारखं समजावून सांगितलं असतं. आणि तेच विसरलो. घट्ट झालेली गाठी सुटेना. टिचकी मारली, मग ठोकला, मग पेचकस घालून उचकटायला गेलो. लाकूड शिरेच्या रेषेत उभं चिरलं. आवाज फार मोठा नव्हता.

तू आलास तेव्हा मी ते दोन तुकडे मांडीवर घेऊन बसलो होतो. सुखदेवकाका दाराशी होते. त्यांनी सावरायला म्हटलं, "मारोत्या, पोट्ट्यानं गाठी नाई, दोन पल्ल्याची खिडकी बनवली." कोणी हसलं नाही. तू साचा हातात घेतलास, चिरेवरून अंगठा फिरवलास आणि म्हणालास, "कॉलेजात हेच शिकवून राह्यले का?"

मी म्हणालो, "तू शिकवलं असतं तं हे झालं नसतं."

"भाच्याकडून..."

"बहाणा हाये तो तुह्या! तुले मी नकोच भट्टीवर. पाया पडाले पाह्यजे, हाताशी नाई पाह्यजे."

तू तुकडे घेऊन आत गेलास. होळीच्या संध्याकाळी सगळे चाकोल्यांच्या माळा घेऊन निघाले तेव्हा मी तुला पाहिलं, साच्याचे तुकडे काखेत घेऊन जाताना. जुनं, मोडकं लाकूड लोक होळीला देतातच. मी घरात बसून राहिलो.

आणि धुळवडीच्या सकाळी तू गाठी घेऊन आलास. माझ्या गळ्यात घातलीस. कपाळाला पळसाचा रंग लावलास. आणि नेहमीसारखा वाकलास. मामा, मी पाय मागे घेतले.

मागे म्हणजे एकच पाऊल. तुझे हात जमिनीवर टेकले. तू तसाच क्षणभर राहिलास, मग गुडघ्यावर जोर देऊन उठलास, आणि "अभ्यास कसा चालू हाये?" असं काहीतरी विचारलंस. मी दुपारच्या गाडीने वर्ध्याला गेलो. पाडव्याला आलो नाही.

त्यानंतर आपण बोललो. पोळ्याला आलो, दिवाळीला आलो. तू आधीसारखाच होतास. फक्त दिवाळीला तू वाकला नाहीस. "गुडघे लईच दुखून राह्यले रे," म्हणालास. मी म्हणालो, "राहू दे ना मामा, कायले." दोघांनाही सुटल्यासारखं झालं. मला वाटलं होतं पुढे कधीतरी हे सगळं नीट बोलू. पुढे कधीतरी म्हणजे मी नोकरीला लागल्यावर, तू म्हातारा झाल्यावर. मी मनात त्याला जागासुद्धा ठरवली होती, हिंगणीचा रस्ता, मोपेडवर. तोंड दिसत नसताना बोलणं सोपं जातं म्हणून.

तेरवी होळीच्या आदल्या दिवशी झाली. तेरा दिवस कढई चढली नाही, टाक्याकडे कोणी गेलं नाही. मी एकदा म्हटलं, साचे काढू का, तर एक वयस्कर नातेवाईक म्हणाले, "राहू दे, आता कोणाले लागते ते." पाण्याला वास यायला लागला होता. मी नुसतं पाणी बदललं आणि दगड परत ठेवला.

गावात यंदा तुझ्या गाठ्या नव्हत्या. आपल्याकडे ज्या घरी मरण झालं त्या घरी लोक धुळवडीला गाठी आणि गुलाल घेऊन येतात, दुखवटा उठवतात. वर्षानुवर्षं लोकांनी ती गाठी तुझ्याकडूनच नेली. यंदा ती तुझ्याच घरी आणायची होती. सगळे सेलूहून, वर्ध्याहून पाकीटबंद गाठ्या घेऊन आले. मामीच्या पुढ्यात ढीग झाला. ती मान खाली घालून बसली होती. एका बाईने आग्रह केला म्हणून तिने एक कडी तोडून तोंडात टाकली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून बोलली.

"पाक कच्चा हाये."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मामी पुन्हा म्हणाली, "त्यायच्या हातचा असा कधी नाई राह्यला," आणि मग ती रडली. ती जी मोकळी झाली ती तिथे. लोक म्हणाले रंग लावल्याने दुःख उठलं. मला वाटतं कच्च्या पाकाने उठलं.

त्याच दुपारी मी टाक्यावरचा दगड काढला. सहा साचे काढून धुवायचे, वाळवायचे आणि माळ्यावर टाकायचे, एवढंच ठरवलं होतं. सहा काढले. हात पाण्यात होताच, तळाला आणखी एक लागला.

मी तो वर काढला. मोठा साचा. चिरेच्या दोन्ही बाजूंनी तांब्याच्या पट्ट्या मारलेल्या, बारीक खिळ्यांनी, अगदी सरळ रेषेत. तुझं काम नव्हतं ते. मी ओला साचा घेऊन तसाच सुखदेवकाकांच्या ओट्यावर गेलो. ते सुतार, आपल्या दाराच्या चौकटीसुद्धा त्यांच्याच हातच्या. त्यांनी साचा बघितला आणि चष्मा काढून बाजूला ठेवला.

"मी काई होळीवर जात नाई. तिथं काय झालं ते मले मालूम नाई. पण तो वापस आला तवा साचा काखेतच होता. म्हणे, सुखदेव, पाच फेऱ्या मारल्या, पण बापाचं हाये, हातून सुटलं नाई. मंग मी पट्ट्या मारून देल्या."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"मी म्हटलं त्याले, पोट्ट्याले सांग, त्याच्या जिवाले बरं वाटन. तं म्हणे, नको, जळला म्हणूनच राहू दे. भेवानं तरी परत हात नाई लावणार." काकांनी पट्टीवरून बोट फिरवलं. "तुह्या मामा बैलासारखा होता, नितेश. एकदा मान फिरवली का फिरवली. त्याले वाटे, याले पाकाची गोडी लागली का हा वर्ध्याहून वापस येते. अन् मंग तीस वर्सं इथं धूर खात बसते."

"मंग यंदा भिजत काऊन घातला? मी येणारच होतो ना होळीले."

"ते मी कसं सांगू? त्यालेच विचारलं असतं."

हो. तुलाच विचारायला हवं होतं. आणि दोन रिळं कशाला, तेही. सहा साच्यांना एकच लागतं. मी यातून स्वतःला बरं वाटेल असा अर्थ काढू शकतो आणि दिवसातून दोनतीनदा काढतोही. पण मला खात्री नाही. तू गुढीच्या गाठीसाठी नेहमीसारखा भिजत घातला असशील, माझा विचारही न करता. मी आलो असतो तर पुन्हा पाटावरच बसवलं असतंस. ते तुझ्या स्वभावात बसतं.

पाडव्याला पंधरा दिवस होते. मामी म्हणाली, "गावाची गुढी बिनगाठीची नको." मी म्हणालो, करू. कोण करणार, हे दोघांनीही विचारलं नाही. पण तेरवीनंतरची पहिली कढई घरच्यांनी चढवायची नसते, बाहेरच्याने चढवून द्यायची. मामी त्यावर अडली. कोणाला बोलवायचं, यावर नातेवाइकांचे फोन झाले. तेवढ्यात सुखदेवकाका मागच्या दाराने आले, कढई उचलली आणि भट्टीवर ठेवली.

"भाऊजी, तुमच्यात तं हे मानत नाई," मामी म्हणाली.

"नाई मानत. म्हणून तं चढवून राह्यलो. मानलं असतं तं मुहूर्त पाह्यत बसलो असतो." मग माझ्याकडे वळून, "तू काय पाह्यतं? साखर टाक."

मी मामीकडे पाहिलं. भाच्याकडून काम. तिने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "टाक बाबू."

मामा, जे तुला सहज जमायचं ते आम्हा तिघांना मिळूनही लवकर जमलं नाही. काकांना आच कळत होती. मामीला वासावरून पाक कळत होता, ती दारातूनच म्हणायची, "अजून नाई... अजून नाई... आता." आणि घोटायचं, ओतायचं मी. पहिली कढई जळाली. दुसऱ्या कढईला पाक ओतेपर्यंत पळीतच बसला. माझ्या मनगटावर दोन ठिकाणी चटके आहेत, लिहिताना बाही घासते. काका म्हणाले, "बुंदी पाडता का गाठ्या?" तिसऱ्या कढईला टिचकी मारली आणि माळ सुटली. वाकडी होती. दोन पदकांत दोरा बाहेर आला होता. सुटली मात्र.

मला आनंद झाला का? झाला असेल. मी इतका दमलो होतो की मला फक्त खाली बसायचं होतं. बसलो, आणि लक्षात आलं की मी तुझ्या जागेवर बसलोय. पाट बाजूला रिकामा होता.

तुझं चुकलं होतं, हे मी अजूनही म्हणतो. तू मला शिकवायला हवं होतंस. शिकवलं असतंस तरी मी वर्ध्यालाच राहिलो असतो, कदाचित जास्त निश्चिंत मनाने. हात भाजलेला माणूस पुस्तक सोडून देतो हे तुला कोणी सांगितलं? आणि माझंही चुकलं. मला वाटायचं तू मला वर बसवून दूर ठेवतोयस. तुझ्याकडे माया करायची ती एकच पद्धत होती, ती मला पुरेशी वाटली नाही. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि त्यांची वजाबाकी करून काही उरतं का ते मला जमत नाही.

पाडव्याला गावभर गुढ्यांना आपल्या गाठ्या होत्या, थोड्या वाकड्या. लोकांनी नावं ठेवली नाहीत. आपल्या ओळीत दोनच घरांवर गुढी नव्हती. सुखदेवकाकांकडे ती कधीच नसते आणि आपल्याकडे वर्षभर सण नाही.

मोठ्या साच्यातून मी एकच गाठी काढली. आदल्या रात्री तो मी स्वतः भिजत घातला होता, दोनदा उठून पाहिलं होतं. पट्ट्या कितीही घट्ट असल्या तरी चिरेत थोडा पाक जातोच. गाठी सुटली तेव्हा सगळ्या पदकांवरून एक बारीक उभी कड आलेली होती, वरपासून खालपर्यंत, नखाला लागेल एवढी. मी ती खरवडून काढणार होतो. मामीने हात धरला.

आज सकाळी मी वर्ध्याला परत निघालो. मामी ती गाठी घेऊन ओट्यावर आली. माझ्या गळ्यात घातली. मी म्हणालो, "मामी, आपल्याकडे यंदा सण नाई ना."

"सणाची नाई हे. त्यायची घालाची राह्यली होती."

आणि ती वाकली. तिलाही गुडघ्यांचा त्रास आहे, तुला माहीत आहे. एक हात भिंतीला लावून, सावकाश, थांबत थांबत ती खाली गेली. बस येऊन उभी होती, कंडक्टर बघत होता, पलीकडच्या ओट्यावर काका उभे होते आणि काही ओरडत नव्हते. माझे पाय मळलेले होते, सकाळीच उपसलेल्या भट्टीच्या राखेने. मी ते हलवले नाहीत. तिचे हात पायांवर आले, कपाळाला गेले. ती उठायला लागली, तिला वेळ लागला. तुला लागला असता तेवढाच. तेवढा वेळ मी तिथे उभा होतो, मामा.